जस्ट

मे महिन्यात जिल्हा न्यायालयाच्या मागच्या खोलीत
कूलरचं पाणी दुपारी तीनलाच आटतं
आणि वाळ्याच्या ताट्या कोरड्या खरखरतात.
तिथे बसून मी इंग्रजीचं मराठी करते,
पानामागे ठरलेल्या दराने.

सकाळपासून एका ओळीवर अडले आहे.
आरोपी क्रमांक चार, कौतिका ढोक, वय बावन्न,
राहणार गिट्टीखदान, धंदा मजुरी.
नळावरच्या भांडणात कुणाचं तरी डोकं फुटलं
आणि कागदावर ही म्हणते,
'आय वॉज जस्ट स्टँडिंग देअर.'

पाच शब्द. चार मुकाट्याने मराठीत आले.
मधला मात्र बसलाय
बर्डीच्या चौकातल्या सांडासारखा,
हॉर्न वाजवा, नाहीतर हात जोडा.

'मी फक्त उभी होते' लिहिलं
तर बाई सुटेल, कदाचित.
'नुकतीच येऊन उभी राहिले होते' लिहिलं
तर सरकारी वकील विचारतील,
कुठून आलात, कुणी बोलावलं, हातात काय होतं.
'नेमकी तिथेच उभी होते'
म्हणजे संपलंच,
आपल्या तोंडाने आपली जागा दाखवली.
'जेमतेम उभी होते', हेही असू शकतं.
बावन्न वर्षं, पाण्याची गुंडं, गुडघे.

शिवण सुटलेला शब्दकोश काढते.
पहिलाच अर्थ: न्याय्य.
तो इथे लागू नाही.
बोट पुढे सरकवते.

शब्दकोशात नाहीत असे अर्थही मला ठाऊक आहेत.
माझा तुषार दर शनिवारी फोनवर म्हणतो, 'आई, जस्ट निघालो',
आणि मागे त्याच्याच घरचा टीव्ही चालू असतो.
त्याचं जस्ट दीड तासाचं.
सदरच्या दुकानात साडी 'जस्ट बावीसशे, मॅडम'.
डॉक्टर भरणे एक्सरे उजेडाकडे धरून म्हणाले होते,
'जस्ट एक छोटीशी गाठ.'
दोन ऑपरेशनं लागली त्या छोटीशीला.
तेव्हापासून हा शब्द कुणी मऊ आवाजात म्हटला
की मी खुर्चीचा हात धरते.

पण कौतिकाबाई जस्ट म्हणालीच नसणार.
तिचा खाली अंगठा आहे.
ती बोलली तिच्या बोलीत,
कुणीतरी ते इंग्रजीत उतरवलं
आणि आता मी ते परत आणतेय,
जसं दळून आणलेल्या पिठाचे गहू करायचे.
तिची मराठी प्रत फायलीत असायला हवी होती.
तिथे एक गंजलेली टाचणी आहे,
आणि टाचणीखाली फाटका कोपरा.

चहाला खाली उतरले.
जिन्यात एक बाई, पदरात कागदाची गुंडाळी,
कुणाच्या तरी तारखेला आलेली.
शिपाई ओरडला, 'ओ बाई, रस्ता काहून अडवला?'
ती म्हणाली,
'मी तं उभीच आहो जी.'

च.
चहा हातात तसाच राहिला, साय आली.
त्या एवढ्याशा अक्षरात फक्त होतं,
मघापासून होतं,
आणि आता मी आणखी काय करू, तेही होतं.

वर येऊन लिहिलं:
'मी तर तिथे उभीच होते.'
उद्या तपासनीस पेन्सिल टेकवतील:
हा च कुठून आणला, मुळात दाखवा.
मी म्हणेन, मुळाच्याही आधी होता, साहेब.
म्हणेन असं आत्ता वाटतंय.
किंवा गुपचूप 'फक्त' करून देईन,
अजून एकोणीस पानं आहेत
आणि सोमवारी बिल लावायचंय.

तूर्त बादली घेऊन उठते.
कूलर केव्हाचा कोरडाच फिरतोय.